कोंबड्यांना मोड आलेले धान्य: किती, कोणते आणि कशासाठी?

परसातल्या कोंबडीपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. त्यामुळे 'एक किलो गव्हाचे दोन किलो खाद्य होते' असे कोणी सांगितले की पाळणाऱ्याचे कान टवकारतात. धान्य भिजवून मोड आणल्यावर वजन खरेच जवळजवळ दुप्पट होते. पण वाढलेले वजन पाण्याचे असते. एक किलो गव्हात साधारण १२० ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्याचे दोन किलो मोड झाले तरी प्रथिने तेवढीच राहतात. उलट मोड फुटताना बी श्वसनासाठी स्वतःतला थोडा पिष्टमय भाग वापरते, म्हणून कोरडा ऐवज किंचित कमीच होतो.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. गव्हाच्या ओल्या मोडांत ती सहा टक्क्यांच्या आसपास भरतात. कोंबडीचे पोट मोडांनी भरले, तर अंड्यासाठी लागणारी प्रथिने आणि कॅल्शियम तिला मिळत नाही. मग अंडी घटतात, कवच पातळ होते. लेअर मॅश बंद करून नुसत्या मोडांवर कोंबड्या ठेवणे म्हणजे बचत नव्हे.

मग मोड आणायचे कशासाठी? धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो नीट पचवता येत नाही. बी अंकुरताना त्यातली विकरे जागी होतात आणि हे बंधन काही प्रमाणात सुटते. काही ब जीवनसत्त्वेही वाढतात. क जीवनसत्त्व वाढते याचे कौतुक बरेच होते, पण कोंबडी ते स्वतःच्या शरीरात तयार करते, त्यामुळे तिला त्याचे विशेष अप्रूप नाही. खरा उपयोग दिसतो तो उन्हाळ्यात. परसात हिरवे पान उरत नाही, उकाड्याने कोंबड्या कोरडे खाद्य टाळतात, तेव्हा ओलसर मोड त्या आवडीने टिपतात. बंदिस्त खुराड्यात एकमेकींची पिसे उपटणाऱ्या तलंगांनाही टिपायला काहीतरी मिळते.

पद्धत घरच्या मटकीसारखीच. धान्य निवडून धुवावे, वर तरंगणारी फोलपटे काढावीत, आठ ते बारा तास भिजवावे. पाणी पूर्ण निथळून रोवळीत किंवा भोके पाडलेल्या ट्रेमध्ये बोटभर जाडीचा थर पसरावा आणि ओले फडके टाकावे. थर जाड झाला की मधले धान्य तापते आणि आंबते. दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पुन्हा निथळावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दाण्याएवढा झाला की खायला द्यावे. नेहमीचे खाद्य चालू ठेवून दर कोंबडीमागे २० ते २५ ग्रॅम मोड पुरतात. अर्ध्या तासात जे संपत नाही ते उचलून टाकावे. आठवडाभर वाढवलेला हिरवा चारा द्यायचा असेल, तर मुळांची जाळी कापून बारीक करावी. लांब तंतू कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत अडकून बसू शकतात.

गहू, मका, बाजरी, हरभरा, मूग ही धान्ये चालतात. सोयाबीन मात्र मोड आणूनही कच्चे देऊ नये. त्यातला प्रथिने पचू न देणारा घटक मोडांनी पुरता जात नाही, त्याला उष्णताच लागते.

ज्वारीचे प्रकरण वेगळेच. कोरडा दाणा कोंबड्यांना खुशाल द्यावा, पण मोड आणू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किराळ लागते हे शेतकऱ्यांना ठाऊक असते. त्यामागचा सायनाइड सोडणारा घटक सुक्या दाण्यात जवळजवळ नसतो, अंकुरात मात्र भरपूर तयार होतो.

पेरणीनंतर पिशवीत उरलेले बियाणेही वापरू नये. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते, रंगावरून ते बहुधा ओळखू येते. थायरम हे त्यातले नेहमीचे औषध कोंबड्यांत मऊ कवचाची अंडी आणि पायांचे दोष निर्माण करते. भिजवून, धुऊन असे बियाणे सुरक्षित होत नाही.

बुरशीचा धोका पावसाळ्यात वाढतो. मोडाच्या टोकाशी दिसणारे पांढरे, बारीक, सरळ केस ही मूलरोमे असतात आणि पाणी मारताच ती चिकटून दिसेनाशी होतात. बुरशीचे जाळे कोळिष्टकासारखे दाण्या-दाण्यांना बांधते, हिरवट-काळपट होते आणि कुबट वास येतो. असा ट्रे पूर्ण टाकून द्यावा, वरचा भाग काढून खालचा देऊ नये. काही बुरशींमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन धुऊन किंवा उकळून जात नाही. ते कोंबडीच्या यकृतावर घाला घालते. ट्रे साबणाने घासून कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसरी खेप टाकू नये, आणि सलग ऊन नसलेल्या आठवड्यात कोरडा भरडाच द्यावा.