चावीच्या पहिल्या टप्प्याची कुळकथा

उन्हाळ्याच्या दाहासाठीच ख्यात असलेल्या खानदेशच्या मुलखात पौषातला उत्तरेचा वारा तापीच्या खोऱ्यात शिरला, की धुळ्याचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, रावेर-यावलच्या केळीबागांत रात्री शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, आणि पहाटे खळ्यात उभा असलेला ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू होईल याची शाश्वती राहत नाही. अशा वेळी जाणता चालक चावी एकदम शेवटपर्यंत न फिरवता हीटरच्या टप्प्यावर पंधरा-वीस सेकंद धरून ठेवतो. या वहिवाटीचे कूळ शोधू जाता आपण जर्मनीत पोहोचतो.

रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ मध्ये आपल्या इंजिनाचे पेटंट मिळाले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांचे यंत्र यशस्वी ठरले. त्यात ठिणगीची योजनाच नाही. हवा दाबून इतकी तप्त करावयाची, की तीत फवारलेले तेल स्वयमेव पेटावे. ही दाबजन्य उष्णता हेच त्या यंत्राचे सारे भांडवल, आणि थंडी नेमकी त्यावरच जप्ती आणते: सिलिंडरच्या गार भिंती उष्णता शोषतात, घट्ट झालेले वंगण फिरकीला अडवते, मंद फिरकीत दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांतून निसटते, आणि अधिक जोराची निकड असते त्याच क्षणी बॅटरी दुर्बल होते.

यावर उपाय दोन कुळांतून आले. पहिले कूळ उष्णतेचे. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या संशोधकाच्या इंजिनात तेल तापलेल्या कोठीत पेटे. त्याच जातीच्या, १९२१ मध्ये आलेल्या लांट्स बुलडॉग ट्रॅक्टरचे तोंड चालकाला आधी ज्योतीच्या दिव्याने तापवावे लागे. त्या दिव्याचाच वंशज आपला हीटर. पर्किन्स जातीच्या इंजिनांत तो आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर थोडे डिझेल जाळून ती हवा ऊन करतो. दुसरे कूळ वेगाचे. १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने विहिरींवर आली, तेव्हा हँडल मारणारा माणूस आधी खटका उचलून दाब मोकळा करी, जड चाकाला वेग देई आणि मग खटका सोडी. साठलेल्या वेगाने हवा झपाट्याने दाबली जाऊन इंजिन पेट घेई. बॅटरीवाचून साधलेली ही तजवीज मला अधिक सुंदर वाटते.

डिझेलमधले मेण गोठण्याचे संकट मात्र लडाखचे. तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले. खानदेशात तो प्रश्न उद्भवत नाही. वंगण पातळ करण्यासाठी इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली जाळ करण्याचा जो दस्तूर कोठे कोठे आढळतो तोही निष्कारण धोक्याचा आहे. इंजिन सुरू झाल्यावर लागलीच नांगर जुंपणेही तितकेच घातक, कारण घट्ट वंगण बेअरिंगांपर्यंत नीट पोहोचण्यास अवधी लागतो. तोवर चार-पाच मिनिटे ते मध्यम गतीवर, भाराविना चालू द्यावे.