गिनी पिग : जुळलेल्या जोडीत तिसऱ्याचा समावेश

आधीपासून एकत्र राहणाऱ्या दोन गिनी पिगांमध्ये तिसरा प्राणी आणून त्याला त्या गटात रुजवणे. गिनी पिग (शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस) हा कॅव्हिडी कुलातील कृंतक प्राणी. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांत तो काही हजार वर्षांपूर्वी माणसाळला आणि सोळाव्या शतकात युरोपात पोचला. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारण ७०० ते १,२०० ग्रॅम असते. आयुष्य ५ ते ८ वर्षांचे. हा कळपात राहणारा प्राणी आहे व एकटेपणा त्याला सोसत नाही. स्वित्झर्लंडने २००८ पासून एकटा गिनी पिग पाळण्यास कायद्यानेच मनाई केली आहे. मुंबईत हा प्राणी क्रॉफर्ड मार्केट (महात्मा जोतिबा फुले मंडई) परिसरातील व उपनगरांतील दुकानांतून मिळतो. गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबाकडूनही अनेकदा हातोहात येतो. पुढील मजकुरात मुंबईतील साकीनाका व लगतच्या भागांतील लहान घरे डोळ्यांपुढे ठेवली आहेत.

तिसरा प्राणी आणण्याविषयी लिहिणारे बहुतेक जण भांडणांवर भर देतात. मुंबईपुरता तरी विचाराचा क्रम उलटा हवा: आधी नव्याच्या अंगावर काय आले आहे ते पाहावे, मग त्याचा स्वभाव.

परळचे प्रयोग : नवा गिनी पिग जुन्यांत सोडल्यावर काय घडते, याची मुंबईतील सर्वांत तपशीलवार लेखी नोंद प्लेगच्या संशोधनातून आली आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीस आला. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली (१९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट). १९०५ मध्ये तेथे प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले. ग्लेन लिस्टन हे त्यातील एक प्रमुख संशोधक होते. आयोगाचे अहवाल १९०६ पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये प्रसिद्ध झाले.

आयोगाने सहा झोपड्या बांधल्या. त्यांच्यात फरक होता तो फक्त छपराचा. दोन झोपड्यांवर देशी कौले होती, ज्यांत उंदीर सहज घर करतात. दोनांवर सपाट कौले, ज्यांत ते राहतात पण तितक्या सहजपणे नाही. उरलेल्या दोनांवर पन्हळी पत्रा होता. छपराखाली तारेची जाळी ताणली होती. तिच्यातून उंदीर किंवा लेंड्या खाली येत नसत, पिसवा मात्र पडत. छपरांत उंदरांचा वावर सुरू होऊ दिल्यावर आत निरोगी गिनी पिग ठेवले आणि त्यांच्यात प्लेगची लागण केलेले गिनी पिग मिसळले. जिथे पिसवा पोचल्या होत्या तिथे निरोगी प्राणीही प्लेगने मेले. पत्र्याच्या झोपड्यांत पिसवा नव्हत्या. तिथे निरोगी प्राणी आजाऱ्यांच्या अंगाला अंग लावून राहिले, तेच अन्न खात होते, त्याच घाणीत बसत होते, तरी धडधाकट राहिले. अन्य प्रयोगांत आजारी माद्यांचे दूध पिणारी पिल्लेसुद्धा पिसवांविना निरोगी राहिली.

दुसऱ्या एका प्रयोगात एक पिंजरा जमिनीपासून दोन इंच व दुसरा दोन फूट उंचीवर टांगला होता. दोन इंचांवरच्या प्राण्याला पिसवांनी गाठले, दोन फुटांवरच्याला नाही. प्लेगग्रस्त घरांत गिनी पिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा करण्याची पद्धतही आयोगाने वापरली. ही उंदरावरची पिसू (झेनॉप्सिला किओपिस, आयोगाच्या अहवालांत पुलेक्स किओपिस) होती.

या प्रयोगांत फार प्राणी मेले व त्यांच्या मरणातून शहराला उत्तर मिळाले, हे या नोंदीत लिहून ठेवायलाच हवे. आज घरातल्या पिंजऱ्याला प्लेगची भीती नाही. तत्त्व मात्र तेच राहते: जवळ राहणे हा स्वतः धोका नव्हे, रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेणारे काही त्यांच्यामध्ये आहे का, हे पाहावे लागते. साकीनाक्याच्या वस्तीत सांडलेल्या चाऱ्यावर उंदीर व घुशी येतातच. पिंजरा स्टँडवर ठेवणे आणि सांडलेले रोज रात्री उचलणे ही खबरदारी जोडीसाठीही हवी, तिसऱ्यासाठी तर हवीच.

विलगीकरण : नवा प्राणी दोन ते तीन आठवडे वेगळा ठेवावा, शक्यतो वेगळ्या खोलीत. एकाच खोलीच्या घरात निदान दुसऱ्या भिंतीशी. आधी जुन्यांचे खाणेपिणे उरकावे, मग नव्याचे, आणि नंतर हात धुवावेत. शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे दोन आठवडे ठेवण्याची सोय होत असेल तर ती सर्वांत चांगली.

या काळात तीन गोष्टींवर लक्ष ठेवतात. पहिली खरूज: ट्रिक्सॅकॅरस कॅव्ही हा कातडीत बिळे करणारा कीटकसदृश परजीवी इतकी खाज आणतो की प्राण्याला झटके येतात. आणल्या दिवशी कातडी स्वच्छ दिसली म्हणून तो नाही असे होत नाही. म्हणूनच आठवड्याभराचे विलगीकरण पुरत नाही. दुसरी गजकर्ण: नाकाभोवती, डोळ्यांभोवती गोल केस गळतात, खपली धरते, ते मुलांच्या हातांवरही उठते. पावसाळ्यात ओलसर पिंजऱ्यात ते लवकर फोफावते. तिसरी श्वसनाचे आजार: शिंका, नाकाशी चिकट ओल, खाणे मंदावणे. बॉर्डेटेला जंतू ससे व कुत्री काही लक्षण न दाखवता बाळगू शकतात, त्यामुळे दुकानात सशांच्या शेजारी ठेवलेला गिनी पिग अधिक काळजीने तपासावा.

प्राणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून दोनदा तोलावा. घसरते वजन बहुधा इतर लक्षणांच्या आधी दिसते. तोंडावाटे पेनिसिलिन गटातील औषध (अ‍ॅमॉक्सिसिलिन धरून) गिनी पिगाला प्राणघातक ठरते. घरातली उरलेली गोळी कधीही देऊ नये. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १८८६) आवारातील बैलघोडा हॉस्पिटल सर्वपरिचित आहे. उपनगरांत खासगी दवाखाने पुष्कळ आहेत, पण कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी तपासणारे कमी. ते फोन करून आधी विचारावे.

लिंग व वय : दुकानात नर-मादी ओळखण्यात चुका होतात, म्हणून पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी. नर तीन आठवड्यांच्या सुमारास प्रजननक्षम होऊ शकतो. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवस असतो व विताच मादीला काही तासांत पुन्हा गर्भ राहू शकतो. दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण असण्याची शक्यता धरून चालावे. सहा ते आठ महिन्यांनंतर पहिल्यांदाच गाभण राहणाऱ्या मादीची प्रसूती अडून ती दगावू शकते. तेव्हा ‘एकदा पिल्ले होऊ देऊ’ हा विचार जिवावर बेतणारा आहे.

दोन माद्या व एक खच्ची केलेला नर ही रचना सर्वांत शांत मानली जाते. खच्चीकरणानंतर सुमारे सहा आठवडे तो माद्यांपासून दूर ठेवावा. दोन माद्यांत तिसरी मादी बहुधा सामावते. जुळलेल्या दोन नरांत तिसरा नर आणण्याचा सल्ला फारच थोडे जाणकार देतात. पिल्लू असताना आणलेला नर पौगंडात सगळी घडी विस्कटू शकतो. नर-मादीच्या जोडीत आणखी एक अखच्ची नर कधीच आणू नये.

गटाची घडण : जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठाचे नोर्बर्ट साखसर यांचे या विषयावरील काम पायाभूत आहे. कळपात वाढलेले नर अनोळखी कळपात सोडले तर ते फारशी मारामारी न करता स्वतःची जागा शोधतात. एकटे किंवा एकाच मादीसोबत वाढलेले नर भांडणे ओढवून घेतात, त्यांचे वजन घटते व ताणाशी निगडित कॉर्टिसॉल वाढते. वयात येताना मोठ्या नरांशी आलेल्या संबंधातून हे वागणे शिकले जाते. परक्या जागेत आपली मादी सोबत असेल तर नराचा ताण कमी राहतो. नुसत्या ओळखीच्या मादीने तो तितका उतरत नाही.

म्हणून नवा प्राणी निवडताना रंग व केसांपेक्षा तो कोणासोबत वाढला हे विचारावे. चार-पाच भावंडांत व मोठ्यांत वाढलेले पिल्लू एकट्या पिंजऱ्यातल्या देखण्या प्राण्यापेक्षा निःसंशय चांगले.

पहिली भेट : जुन्यांच्या पिंजऱ्यात नव्याला थेट सोडू नये. तिघांनाही परकी असलेली जागा निवडावी: कोरडी मोरी, पॅसेज किंवा चादर अंथरलेली फरशी. मधोमध गवताचा मोठा ढीग ठेवावा. लपायला खोके द्यायचे तर दोन तोंडांचे. एकच तोंड असलेल्या खोक्यात दुबळा प्राणी कोंडीत सापडतो. दुपारचे दोन-तीन तास मोकळे ठेवून कोणीतरी जवळ बसावे. गणपतीच्या मिरवणुका व दिवाळीचे दिवस टाळावेत.

एकमेकांचा पार्श्वभाग हुंगणे, घुमल्यासारखा आवाज काढत डुलत चालणे, पाठीवर चढणे, पाठलाग, हनुवटी वर उचलून समोरासमोर उभे राहणे, मादीने मागे मुताची चिळकांडी उडवणे, हे सारे उतरंड ठरवण्याचे व्यवहार आहेत. यांत हात घालू नये. सतत दात वाजवणे, मानेचे केस फुलवून ताठ उभे राहणे व तोंड वासून दात दाखवणे हा इशारा. दोघे एकमेकांत गुंतून गोल लोळले किंवा रक्त दिसले की लगेच वेगळे करावे; उघडा हात मध्ये न घालता ताट किंवा जाड टॉवेल वापरावा.

किरकोळ कुरबुरीसाठी वेगळे करून दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटवले तर उतरंड पहिल्यापासून ठरवावी लागते, त्यामुळे एकदा सुरू केलेली भेट शक्यतो पूर्ण होऊ द्यावी. तिघांना एकत्र आंघोळ घालण्याचा उपाय सुचवला जातो. त्यावर मतभेद आहेत. शांतता दिसल्यावर पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने पुसून, आतली मांडणी बदलून तिघांना एकदमच आत सोडावे. घडी बसायला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. यातही वजन पाहत राहावे: एक प्राणी सतत गवतापासून हुसकला जात असेल तर ते काट्यावर कळते. दिवसभर काहीच न खाणारा प्राणी त्याच दिवशी दवाखान्यात न्यावा.

जागा व हवा : दोघांसाठी सुमारे साडेसात चौरस फूट व तिघांसाठी सुमारे साडेदहा चौरस फूट तळ असावा, असे पाळणाऱ्यांत सर्वसाधारण मानले जाते. मजले चढवून हा तळ भरून निघत नाही, कारण हे प्राणी जमिनीवर धावणारे आहेत. साकीनाक्याच्या पुनर्वसन इमारतीतील ३०० चौरस फुटांच्या घरात साडेदहा चौरस फूट ही मोठी मागणी आहे. ती पुरी करता येत नसेल तर तिसरा आणू नये. अरुंद जागेत दबलेल्या प्राण्याला मागे सरायला वाव राहत नाही व बरीच भांडणे त्यातूनच पेटतात.

१८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान या प्राण्याला मानवते. एप्रिल-मेमध्ये व ऑक्टोबरात पत्र्याच्या छपराखाली उष्माघाताचा धोका खरा असतो. या महिन्यांत नव्या भेटी ठरवू नयेत.

आहार : क जीवनसत्त्व या प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही (याच गुणामुळे होल्स्ट व फ्रोलिक यांना १९०७ मध्ये नॉर्वेत स्कर्व्हीचा अभ्यास करता आला), म्हणून पेरू, ढोबळी मिरची व कोथिंबीर रोज थोडी द्यावी. मुख्य अन्न गवतच. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने प्रौढांना तो रोजचा नको. तिघांना तीन वाट्या व निदान दोन पाण्याच्या बाटल्या.

कायदा : दुकानांना केंद्राचे २०१८ चे पेट शॉप नियम लागू आहेत.

न जुळल्यास : पिंजऱ्याच्या मध्ये जाळी घालून दोन भाग करावेत. नव्याला दोघे दिसतात, ऐकू येतात, वास येतो. दातांपासून मात्र तो सुरक्षित राहतो. गवत जाळीच्या दोन्ही बाजूंना लागून ठेवले की ते शेजारी बसून खातात. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा भेट घडवता येते. तीही फसली तर नव्यासाठी एक जोडीदार आणणे किंवा दुसरे घर शोधणे हे दोनच मार्ग राहतात. जुनी जोडी फोडून त्यातला एक नव्याकडे देण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तो टाळावा, कारण त्यात तिघांचेही नुकसान संभवते. चौथा आणून दोन जोड्या झाल्या तर एका जोडीच्या दुप्पट जागा लागते, तेव्हा न जुळल्यास प्राणी परत घेणार का, हे दुकानदाराला किंवा आधीच्या मालकाला आणण्यापूर्वीच विचारून ठेवावे.