टपालखर्च वेगळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या मराठी मासिकांच्या अखेरच्या पानांवरील जाहिराती वाचण्याचा मला छंद आहे. पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे, काहीही असो. किमतीपुढे बारीक अक्षरांत एक ओळ हमखास असते : 'टपालहशील निराळे'. कोठे नुसतेच 'ट. ख. वेगळा'. आज आपण मोबाइलवर वस्तू निवडतो आणि पैसे भरताना 'डिलिव्हरी चार्ज'चा आकडा पुढे येतो. ओळ तीच आहे. प्रश्नही तेच आहेत. वस्तू पोचवण्याचा खर्च कोणी करायचा, आणि तो आधी सांगितला होता का?

घरबसल्या खरेदीची ही पद्धत आपल्याकडे टपालखात्याने रुजवली. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली 'व्ही. पी.', सुरू झाली. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० पासून टपालाने मनीऑर्डर जाऊ लागली. या तीन सोयींनी खेड्यातला माणूस मुंबई-पुण्याच्या दुकानदाराशी बोलू लागला. 'अमुक पुस्तक आहे काय, टपालखर्चासह किती पडेल?' एवढे एका पैशाच्या कार्डावर मावत असे. जवाबी कार्ड असेल तर उत्तराचा खर्चही विचारणाऱ्यानेच भरलेला असे. दुकानदाराला उत्तर टाळायला सबब उरत नसे.

व्ही. पी.मध्ये पोस्टमन पार्सल हाती देई, किंमत वसूल करी आणि ती मनीऑर्डरने विक्रेत्याकडे जाई. ग्राहकाला वाटे, पैसे आधी पाठवले आणि माल आलाच नाही तर? विक्रेत्याला वाटे, माल पाठवला आणि त्याने घेतलाच नाही तर? दोघांच्या संशयांमध्ये टपालखाते मध्यस्थ म्हणून उभे राहिले. तरी एक नुकसान उरलेच. ग्राहकाने पार्सल परत केले, की टपालखर्च विक्रेत्याच्या अंगावर पडे. उलट, न मागवलेला माल व्ही. पी.ने लोकांच्या गळ्यात मारणारेही निघाले. म्हणून, खरोखर मागणी आली असल्यामुळेच हे पार्सल पाठवीत आहे, असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद १८९८ च्या टपाल कायद्यात होती.

आपल्या मराठवाड्यात यात आणखी एक गुंता होता. अजिंठ्याच्या घाटाखालचे फर्दापूर घ्या. लेण्यांच्या पायथ्याचे हे गाव निजामाच्या राज्यात, आणि ब्रिटिशांचा खानदेश अगदी जवळ. निजामाचे टपालखाते स्वतंत्र होते. १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे होती आणि ती संस्थानाबाहेर चालत नसत. नाणेही वेगळे. निजामाचा हाली रुपया ब्रिटिशांच्या कलदार रुपयापेक्षा कमी किमतीचा. तेव्हा बाहेरून माल मागवायचा, तर किंमत हाली की कलदार आणि पार्सल कोणत्या टपालाने, इथपासून विचारणे आले. गंमत अशी, की १९३१ मध्ये निजामाने काढलेल्या आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांच्या प्रवेशाचे चित्र होते. पण ते तिकीट लावलेले पाकीट खानदेशात पोचवता येत नव्हते. १९५० मध्ये निजामाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले, तेव्हा हा गुंता सुटला.

त्याच फर्दापूरच्या टी पॉइंटवर आज स्फटिकांचे दगड विकायला असतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार झालेले स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे हे दगड. छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नाशिक या भागांतले असे नमुने जगभरचे संग्राहक इंटरनेटवरून मागवतात. इथे टपालखर्च हा मुख्य प्रश्न होतो. दगड जड, पण स्फटिक नाजूक. म्हणून खोके मोठे आणि भरण भरपूर. बऱ्याच कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. ४० बाय ३० बाय ३० चे खोके ७.२ किलोचे ठरते, आत दगड तीन किलोचा असला तरी! हे ग्राहकाला आधी समजावले नाही, तर त्याला विक्रेता लबाड वाटतो.

परदेशी ग्राहक असेल तर जकातही येते. अमेरिकेने नियम बदलल्यावर २५ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय टपालाने तिकडची बहुतेक पार्सले थांबवली. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती तिकडची जकात इथेच, पार्सल देताना भरून घेण्याच्या अटीवर. म्हणजे जो खर्च पूर्वी घेणाऱ्याच्या दारात उभा राही, तो आता पाठवणाऱ्याला आधीच विचारून घ्यावा लागतो.

कायदाही याच दिशेने आला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत सांगायची आणि तीत पोचवण्याचा व टपालाचा खर्च किती, हे फोडून दाखवायचे. नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांनी खर्च टप्प्याटप्प्याने उघड करणे ही फसवी क्लृप्ती ठरवली आहे. पुस्तकांपुरता थोडा दिलासाही आहे. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले; शैक्षणिक पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. असा ठरलेला दर असला, की लहान प्रकाशक ग्राहकाला फोनवरच आकडा सांगू शकतो.

जवळजवळ दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहिला, की एक गोष्ट स्पष्ट दिसते. टपालखर्च जास्त आहे म्हणून जेवढी भांडणे होतात, त्याहून अधिक तो उशिरा कळला म्हणून होतात. मोठी कंपनी परत आलेले पार्सल पचवते. गावातल्या लहान विक्रेत्याची मात्र त्या एका परतीत दोन-तीन विक्र्यांची कमाई जाते. म्हणून विकणाऱ्याने वजन, खोक्याचा आकार आणि परतीचा खर्च आधी लिहावा. घेणाऱ्यानेही मागणी नोंदवण्यापूर्वीच विचारावे, पार्सल दारात आल्यावर नव्हे. जुन्या जाहिरातींतली ती ओळ बारीक होती खरी, पण ती किमतीच्या शेजारीच छापलेली असे.