व्हर्जिनियात मारहाणीचा गंभीर गुन्हा: बचाव कशावर उभा राहतो?

पार्किंगच्या जागेवरून दोघांची बाचाबाची होते. एक जण दुसऱ्याला ठोसा मारतो. ओठ फाटतो, चार टाके पडतात. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात अशा प्रसंगातून साध्या मारहाणीचा खटला उभा राहू शकतो. त्यात जास्तीत जास्त १२ महिन्यांची कैद होते. याच प्रसंगातून २० वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. टाके तेवढेच असले, तरी ठोसा मारताना आरोपीच्या मनात काय होते यावर कलम ठरते. म्हणून तिथल्या बचावाचा मोठा भाग ‘हेतू’ या एका शब्दाभोवती फिरतो.

अमेरिकेत फौजदारी कायदा प्रामुख्याने राज्यांचा असतो आणि प्रत्येक राज्यातली कलमे वेगळी असतात. व्हर्जिनियाच्या उत्तर भागात, वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या फेअरफॅक्स आणि लाउडन या काउंटींमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरेही आहेत. त्यामुळे हा कायदा अनेक मराठी वाचकांच्या नातेवाइकांना लागू होतो.

गुन्ह्याचे चार स्तर

अमेरिकी कायदा गुन्ह्यांचे दोन मोठे वर्ग करतो. ‘मिसडिमीनर’ म्हणजे कमी गंभीर गुन्हा आणि ‘फेलनी’ म्हणजे गंभीर गुन्हा. व्हर्जिनियात शारीरिक हल्ल्याचे मुख्य स्तर असे आहेत.

• असॉल्ट अँड बॅटरी (कलम १८.२-५७): साधी मारहाण. हा मिसडिमीनर आहे. १२ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र मार खाणारा पोलीस कर्मचारी असेल, तर हाच गुन्हा फेलनी होतो आणि किमान सहा महिन्यांची कैद बंधनकारक असते.

• अनलॉफुल वुंडिंग (कलम १८.२-५१): कायमचे अपंग, विद्रूप किंवा निकामी करण्याच्या अथवा ठार मारण्याच्या हेतूने, पण दुष्टबुद्धी नसताना केलेली दुखापत. फेलनी. एक ते पाच वर्षे कैद. न्यायालयाला योग्य वाटल्यास १२ महिन्यांपर्यंत कैद आणि दंड यावरही भागवता येते.

• मॅलिशस वुंडिंग (हेच कलम): तोच हेतू आणि सोबत दुष्टबुद्धी, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘मॅलिस’. पाच ते २० वर्षे कैद आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड.

• अ‍ॅग्रॅव्हेटेड मॅलिशस वुंडिंग (कलम १८.२-५१.२): वरचे सगळे आणि शिवाय जखमी व्यक्तीला गंभीर दुखापत होऊन कायमचे व लक्षणीय शारीरिक वैगुण्य आलेले असणे. २० वर्षे ते जन्मठेप.

गुन्ह्यात बंदूक वापरली असेल, तर त्यासाठी वेगळे कलम लागते आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांची बंधनकारक कैद वाढते. १ जानेवारी १९९५ नंतर केलेल्या फेलनीला व्हर्जिनियात पॅरोल नाही. अशा हिंसक गुन्ह्यात सुनावलेल्या कैदेपैकी साधारण ८५ टक्के काळ प्रत्यक्ष तुरुंगात काढावा लागतो.

भारतातल्या वाचकाला ही रचना थोडी अपरिचित वाटेल. भारतीय न्याय संहितेतही हेतू किंवा जाणीव लागतेच. पण साधी दुखापत की गंभीर दुखापत, हे ठरताना हाड मोडले का, दृष्टी गेली का, हत्यार कोणते होते, असे प्रश्न पुढे येतात आणि डॉक्टरांचा दाखला निर्णायक ठरतो. व्हर्जिनियातही वैद्यकीय कागद लागतात, मात्र तेवढ्यावर फेलनी सिद्ध होत नाही.

हेतू आणि दुष्टबुद्धी यांत फरक काय?

मनाची ही दोन अंगे सरकारी पक्षाला वेगवेगळी सिद्ध करावी लागतात. पहिले अंग म्हणजे विशिष्ट हेतू. समोरच्याला अपंग, विद्रूप, निकामी करायचे किंवा मारून टाकायचे होते का? केवळ ढकलायचे किंवा घाबरवायचे होते, तर हे कलम टिकत नाही. दुसरे अंग म्हणजे दुष्टबुद्धी: चूक आहे हे कळत असताना, योग्य कारण नसताना, जाणूनबुजून केलेले क्रूर कृत्य. ती सिद्ध झाली नाही तर गुन्हा एक पायरी खाली, अनलॉफुल वुंडिंगवर येतो आणि शिक्षेची कमाल मर्यादा २० वर्षांवरून पाच वर्षांवर उतरते.

मनातले कोणालाच दिसत नाही. त्यामुळे ज्युरी बाहेरच्या खुणांवरून अनुमान काढते: हत्यार होते का, वार कुठे झाला, किती झाले, समोरचा खाली पडल्यावरही मारणे चालू राहिले का, आधी आणि नंतर आरोपी काय बोलला. नुसत्या मुठीच्या ठोशावरून अपंग करण्याचा हेतू सहसा गृहीत धरत नाहीत. मात्र हा नियम पोलादी नाही. कोणतीही चिथावणी नसताना मारलेल्या एकाच जबर ठोशावरून झालेली मॅलिशस वुंडिंगची शिक्षा व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम ठेवली.

बचावाचे मुख्य मार्ग

हेतू नव्हता. झटापटीत तोल गेला, हातातली वस्तू लागली, धक्का दिल्यावर समोरचा पायरीवर आपटला. अशा वेळी इजा मान्य करूनही गंभीर इजा करण्याचा हेतू नाकारता येतो. खटला मग बहुधा साध्या मारहाणीवर येतो.

क्षणाचा संताप. दुष्टबुद्धी आणि क्षणिक संताप एकत्र नांदू शकत नाहीत, असे तिथला कायदा मानतो. पुरेशी चिथावणी आणि तिच्यामुळे उसळलेला, अजून शांत न झालेला राग असे दोन्ही दिसले, तर मॅलिशस वुंडिंग टिकत नाही. पण केवळ शिवीगाळ ही पुरेशी चिथावणी ठरत नाही. घरी जाऊन काठी घेऊन परत येणाऱ्याला हा बचाव जवळपास बंदच होतो, कारण मधल्या वेळेत राग निवायला हवा होता असे धरले जाते. हा बचाव सुटका देत नाही, गुन्हा फक्त कमी करतो.

स्वसंरक्षण. हे सिद्ध झाले तर आरोपी पूर्ण निर्दोष सुटतो. व्हर्जिनियात त्याचे दोन प्रकार आहेत. भांडण सुरू होण्यात ज्याचा काहीच दोष नाही, त्याला मागे हटण्याची सक्ती नाही. ज्याचा थोडाफार दोष आहे, त्याने आधी शक्य तितके मागे हटून भांडण थांबवायची तयारी दाखवायला हवी आणि त्यानंतरच प्रतिकार करायला हवा. दोन्ही प्रकारांत धोका तत्काळ असावा लागतो आणि समोरच्याने त्या दिशेने काही उघड कृती केलेली असावी लागते. मनात वाटलेली नुसती भीती चालत नाही. प्रतिकारही धोक्याच्या प्रमाणात हवा. केवळ मालमत्ता वाचवण्यासाठी प्राणघातक बळ वापरता येत नाही.

मानसिक स्थिती. याचे जगभर गाजलेले उदाहरण व्हर्जिनियातलेच आहे. जून १९९३ मध्ये मॅनासस इथे लोरेना बॉबिट हिने झोपलेल्या पतीचे लिंग चाकूने कापले. आरोप मॅलिशस वुंडिंगचा होता आणि कृत्य तिने नाकारले नव्हते. पतीच्या दीर्घ अत्याचारांमुळे त्या क्षणी मनावरचा ताबा पूर्ण सुटला होता, असा तिचा बचाव होता. व्हर्जिनियाचा कायदा अशा ‘अनावर आवेगा’ला वेडसरपणाच्या बचावात जागा देतो. जानेवारी १९९४ मध्ये ज्युरीने तिला तात्पुरत्या वेडसरपणाच्या कारणाने निर्दोष ठरवले आणि तिला तपासणीसाठी मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. ती स्थलांतरित होती. दोषी ठरली असती, तर २० वर्षांपर्यंतच्या कैदेबरोबर देशाबाहेर पाठवणीचीही टांगती तलवार होती.

न चालणारा बचाव. ‘दारूच्या नशेत होतो’ हे उत्तर इथे कामाचे नाही. स्वतःहून केलेली नशा या गुन्ह्यांत बचाव ठरत नाही.

अटकेपासून निकालापर्यंत

अटकेनंतर आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर नेतात आणि जामिनाचा पहिला विचार तिथे होतो. पुढे जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात प्राथमिक सुनावणी होते. प्रकरण कुटुंबातले असेल, तर ती बालक व कौटुंबिक न्यायालयात होते. या टप्प्यावर गुन्हा घडल्याची वाजवी शक्यता आहे का, एवढेच पाहतात. बचावासाठी मात्र ही मोठी संधी असते. फिर्यादी शपथेवर काय सांगतो हे पहिल्यांदा इथेच ऐकायला मिळते. या न्यायालयात साक्षीची अधिकृत नोंद होत नसल्याने अनुभवी वकील स्वतःच्या खर्चाने लघुलेखक आणतात. पुढे साक्ष बदलली, तर तीच नोंद उलटतपासणीत कामी येते.

त्यानंतर ग्रँड ज्युरी दोषारोप निश्चित करते आणि खटला सर्किट कोर्टात जातो. आरोपी कोठडीत असेल तर साधारण पाच महिन्यांत आणि बाहेर असेल तर नऊ महिन्यांत खटला सुरू व्हावा, असा नियम आहे. बचाव पक्षानेच मुदत मागितली, तर तो काळ यात धरत नाहीत. १२ जणांच्या ज्युरीचे एकमत लागते. जुलै २०२१ पासून शिक्षा न्यायाधीश ठरवतात. ज्युरीने ठरवावी असे वाटत असेल, तर आरोपीला तशी मागणी आधी करावी लागते.

तीन नेहमीचे गैरसमज

*‘पोलिसांना सगळे नीट समजावले की प्रकरण मिटेल.’* हेतूच सिद्ध करायचा असलेल्या गुन्ह्यात आरोपीचे स्वतःचे शब्द हाच सर्वांत सोपा पुरावा असतो. ‘त्याला धडा शिकवायचा होता’ हे एक वाक्य सरकारी पक्षाला पुरते. गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क घटनेने दिला आहे. वकील परवडत नसेल तर न्यायालय नेमून देते. इंग्रजी न समजणाऱ्या आरोपीला दुभाषा मिळतो. तो मागून घ्यावा, कारण रागात म्हटलेल्या ‘बघून घेईन’चे भाषांतर ढोबळ झाले, तर ती थेट धमकी वाटू शकते.

*‘समोरच्याने तक्रार मागे घेतली की संपले.’* खटला राज्याचा असतो आणि तो चालवायचा की नाही, हे निवडून आलेला सरकारी वकील ठरवतो. साध्या मारहाणीत जखमी व्यक्तीने भरपाई मिळाल्याचे लेखी दिले, तर न्यायाधीश खटला काढून टाकू शकतात. फेलनी, कौटुंबिक मारहाण आणि पोलिसांवरील हल्ला यांत ही सोय नाही. समेटासाठी आरोपीने स्वतः फोन करणे तर धोक्याचेच, कारण त्यातून जामिनाची अट मोडू शकते.

*‘तुरुंगात जावे लागले नाही, म्हणजे सुटलो.’* अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांना हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. हिंसक गुन्ह्यात एक वर्ष किंवा जास्त शिक्षा सुनावली गेली, तर स्थलांतर कायदा त्याला अतिगंभीर गुन्हा मानतो. ती शिक्षा पूर्ण स्थगित असली तरी मोजली जाते. ग्रीन कार्ड असलेल्यालाही मग देश सोडावा लागू शकतो. त्यामुळे तडजोडीत ३६५ ऐवजी ३६४ दिवसांची शिक्षा मागणे, हा एका दिवसाचा फरक आयुष्य बदलणारा ठरतो. गुन्हा कबूल करण्याचे स्थलांतरविषयक परिणाम आरोपीला सांगणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात दिला.

पहिल्या काही दिवसांत काय करावे?

सीसीटीव्हीचे चित्रण अनेक ठिकाणी काही दिवसांत पुसले जाते. ते जपून ठेवण्याची लेखी मागणी वकिलामार्फत लगेच करावी. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचे फोटो आणि डॉक्टरांची नोंद घ्यावी, कारण स्वसंरक्षणाचा दावा त्यावर टिकतो. साक्षीदारांची नावे वकिलाला द्यावीत, आपण स्वतः त्यांच्याशी घटनेबद्दल बोलू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा तुरुंगातल्या फोनवर प्रसंगाची चर्चा टाळावी, कारण तुरुंगातले फोन ध्वनिमुद्रित होतात. भारतीय नागरिकाला अटकेची माहिती भारतीय दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. हा हक्क व्हिएन्ना करारातून आला आहे. दूतावास वकिलांची यादी देऊ शकतो, खटल्यात हस्तक्षेप करू शकत नाही.

आणि फौजदारी वकिलाला पहिल्याच भेटीत आपला व्हिसा कोणता आहे, हे सांगावे. बचावाची दिशा पुष्कळदा तिथूनच ठरते.