सरपण फोडण्याचा इतिहास: पाचर, कुऱ्हाड आणि घरगुती यंत्र

या मालिकेत आपण किल्ल्यांबद्दल, तहांबद्दल, चळवळींबद्दल बरंच बोललो आहोत. आज सरपणाबद्दल बोलू. त्यातही लाकूड तोडण्याबद्दल नाही, फोडण्याबद्दल. आपल्या भाषेनं हा भेद नीट सांभाळला आहे: झाड तोडतात, ओंडका फोडतात. तोडताना लाकडाचे तंतू आडवे छेदावे लागतात. फोडताना तंतू छेदायचे नसतात, एकमेकांपासून विलग करायचे असतात, आणि त्याला त्या मानानं फारच थोडं बळ लागतं. ज्यानं एकदा उभ्या शिरेत घाव घातला आहे त्याला हे शिकवावं लागत नाही.

फोडायचंच कशाला, असा प्रश्न येईल. चुलीत मावावं म्हणून, हे झालंच. पण खरं कारण ओलावा. ताज्या लाकडात खूप पाणी असतं आणि साल ते आत धरून ठेवते. ओंडका फोडला की आतली बाजू उघडी पडते आणि लाकूड लवकर वाळतं. ओलं लाकूड चुलीत घातलं तर आधी त्यातलं पाणी उकळण्यातच जाळ खर्ची पडतो आणि घरात धूर कोंडतो. म्हणजे सरपण नीट फोडलं आहे की नाही, याचा हिशेब शेवटी चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत मांडला जातो. विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

आता जागा बघू. कामण हे वसई तालुक्यातलं, तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या पायथ्याचं गाव. वर कामणदुर्ग, दोन हजार फुटांहून उंच. खालून चिंचोटीकडून भिवंडीला जाणारा रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग, त्यावर कामण रोड स्टेशन. डोंगराच्या अंगाला वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आणि रस्त्याच्या अंगाला कारखान्यांचे गाळे. थोड्या अंतरात इथे कोयत्याचं युग आणि वेल्डिंगचं युग शेजारी शेजारी नांदतं. आजच्या विषयाला याहून चांगली जागा कुठली?

सुरुवात पाचरीपासून करू. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, अगदी आरंभी एका माकडाची गोष्ट येते. देवळाचं बांधकाम चालू आहे, सुतार दुपारी जेवायला गेले आहेत, आणि अर्धवट चिरलेल्या एका लाकडात पाचर ठोकून ठेवलेली आहे. माकड ती पाचर उपटतं आणि फटीत सापडून मरतं. नको त्या उद्योगात पडू नये, हे तात्पर्य आपण शाळेत शिकलो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं ती पाचर बघावी. प्रचलित संस्कृत पाठात ती खैराची आहे. लोखंडाची नाही, खैराची. लाकूड फोडायला त्याहून कठीण लाकूड वापरायचं, ही युक्ती त्या काळी इतकी नेहमीची होती की गोष्ट सांगणाऱ्याला समजावून सांगायची गरज वाटली नाही.

आणि खैर हे तर आपल्या ठाणे-पालघरच्या जंगलातलं झाड. त्याच्या गाभ्यापासून काथ काढतात, आणि काथ काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडलं असं मानतात. म्हणजे त्या गोष्टीतलं तंत्रज्ञान कामणच्या डोंगरात परकं नव्हतं.

पाचर काम कसं करते? समजा, पाचर २० सेंटीमीटर लांब आणि डोक्याशी ४ सेंटीमीटर जाड आहे. ती पूर्ण आत गेली की लाकूड ४ सेंटीमीटर फाकतं. २० चं ४ झालं, म्हणून बळ पाचपट झालं. प्रत्यक्षात यातलं बरंच घर्षणात जातं. पण तेच घर्षण पाचरीला उलट बाहेरही येऊ देत नाही, म्हणून सुतार निवांत जेवायला जाऊ शकले. फाकलेल्या लाकडात ताण साठलेला असतो, हे माकडाला कळलं नाही. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे यंत्राकडे येऊ तेव्हा उपयोगी पडेल.

आता कुऱ्हाड. आमच्या विषयात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानात, कुऱ्हाडीला मोठा मान आहे. साधन म्हणजे काय, हे सांगताना वैयाकरण आणि नैयायिक दोघंही कुऱ्हाडीचं उदाहरण देतात. पाणिनी क्रियेच्या सिद्धीला सर्वांत उपकारक असेल त्याला करण म्हणतो आणि जो त्या क्रियेत स्वतंत्र असतो त्याला कर्ता. नैयायिक पुढे जाऊन म्हणतात, नुसती कुऱ्हाड असून भागत नाही. ती उगारली जाते, पडते, लाकडाला भिडते. हा मधला व्यापार. त्यानंतर लाकूड दुभंगतं, ते फळ. म्हणजे तीन प्रश्न झाले: स्वतंत्र कोण, साधन कोणतं, मधला व्यापार कशात घडतो? सरपणाचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांवर उलगडतो, असं आम्हाला वाटतं.

पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये वसई घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून घेतली. या दोनशे वर्षांत वसईत जहाजं बांधली जात होती, आणि लाकूड येत होतं ते आसपासच्या डोंगरांतून. चांगला सोट जहाजाला, घराला. फांद्या आणि ढलप्या चुलीला. पुढे इंग्रजी अमलात मुंबई वाढली, लाकूड आणि फाटी होड्यांनी, मग रेल्वेनं मुंबईच्या वखारींकडे जाऊ लागली. १८७८ च्या वनकायद्यानं जंगलाची राखीव, संरक्षित अशी वाटणी केली. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला टहाळ तोडायचा की नाही, यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. कुऱ्हाड तीच, हात तेच. पण घाव कुठे घालायचा, हे ठरवणारा बदलला होता.

आणि वेठ? ठाणे जिल्ह्यात वारल्यांना जमीनदारांच्या शेतावर आणि घरी बिनमजुरीनं राबावं लागे. सरपण आणणं, फोडणं ही अशीच घरकामं. १९३९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन यांच्या अहवालात या वेठीची सरकारी नोंद आहे. मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्या पाठीशी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, वारली मारले गेले. पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला. हा उठाव मुख्यतः उंबरगाव-डहाणू भागातला, कामणच्या उत्तरेचा. पण प्रश्न साऱ्या जिल्ह्याचा होता. पाणिनीच्या भाषेत सांगायचं तर वेठीवरचा माणूस दिसायला कर्ता होता, पण त्याला करण करून टाकलं होतं. कुऱ्हाड त्याच्या हातात आणि तो जमीनदाराच्या हातात. १९४७ मध्ये मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू झाल्या, त्यामागे हाच प्रश्न होता: ठेकेदार बाजूला काढून तोडणाऱ्याला काम आणि मोबदला सरळ कसा मिळेल?

आता घरगुती यंत्रांकडे येऊ. पहिली पायरी म्हणजे आहे ते अवजार सुधारणं. आपली कुऱ्हाड पातळ पात्याची, तोडायला उत्तम. फोडताना ती आत शिरते आणि अडकून बसते. म्हणून तिच्या दोन्ही गालांवर लोखंडी पट्टी वेल्ड करून ती जाड करतात. मग ती शिरताच लाकूड फाकवते. ट्रकच्या भंगारातल्या पाट्यापासून लोहार कोयते करतात, तसं जाड पोलाद मिळालं तर त्याची पाचरही करतात. आणखी एक साधी युक्ती: ओंडक्याभोवती जुना टायर ठेवायचा. फोडलेले तुकडे उडत नाहीत, आणि दर घावाला वाकून गोळा करावे लागत नाहीत. पाठ दुखणाऱ्याला याचं मोल कळेल.

दुसरी पायरी जॅकची. ब्रामा या इंग्रजानं १७९५ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. ट्रकखाली लावायचा बाटली जॅक हा तिचाच लहान भाऊ. लोखंडी चॅनेलची उभी चौकट करायची, वरच्या आडव्या पट्टीला खाली तोंड करून पातं लावायचं, ओंडका जॅकवर उभा ठेवायचा आणि दांडा मारायचा. हिशेब बघा. दांड्यानं बळ १५ पट होतं, दोन दट्ट्यांच्या क्षेत्रफळातल्या फरकानं आणखी २० पट. हातानं १५ किलोचा जोर लावला तर पात्याशी १५ गुणिले १५ गुणिले २०, म्हणजे साडेचार टन. घर्षण थोडं खाईल. पण फुकट काही मिळत नाही. बळ ३०० पट झालं, म्हणून अंतर ३०० पट घटतं. हात ३० सेंटीमीटर चालला की ओंडका एक मिलीमीटर चढतो. शंभर वेळा दांडा मारा, तेव्हा १० सेंटीमीटर. हे काम संथ आहे. पण म्हातारं माणूसही ते करू शकतं, आणि हात थांबला की सगळं थांबतं.

बांधताना तीन गोष्टी सांभाळायच्या. चौकट जॅकहून मजबूत हवी, नाहीतर लाकडाआधी तीच वाकेल. ओंडक्याची दोन्ही टोकं सपाट कापलेली हवीत, नाहीतर तो तिरका होऊन सटकतो. आणि जॅक उभाच ठेवावा; आडवा ठेवला आणि पंप खालच्या अंगाला नसला, तर तेलाऐवजी हवा ओढली जाते.

तिसरी पायरी मोटारीची. मोटारीच्या दांड्याला शंकूच्या आकाराचा, आटे पाडलेला स्क्रू बसवतात. ओंडका टेकवला की स्क्रू स्वतःच लाकडाला आत ओढतो आणि फोडतो. म्हणजे फिरती पाचरच. वेग मोठा, आणि धोकाही तेवढाच. स्क्रू लाकूड आणि पदर यांत भेद करत नाही. ओढणी, सैल बाही, हातमोजा, काहीही आत जाऊ शकतं. गाठीच्या लाकडात स्क्रू अडकला तर अख्खा ओंडका गरगर फिरतो. साठलेला ताण आठवतो ना? पंचतंत्रातलं माकड इथे पुन्हा भेटतं. म्हणून पायाशी बंद करायचा खटका, फिरणारा ओंडका अडेल अशी आडवी पट्टी आणि अर्थिंग, एवढं नसेल तर असं यंत्र घरी ठेवू नये. गाळ्यात यंत्र बनवणारा बहुधा पुरुष असतो, घरी सरपण बघणारी बहुधा बाई. तिनं नेसलंय काय, हे बनवणाऱ्यानं आधी विचारलं पाहिजे.

आता आमची खरी चिंता. डोंगरातून मोळी आणणाऱ्या बायका वाळक्या फांद्या आणतात, कारण कोयत्याला तेवढंच झेपतं. अवजाराचा दुबळेपणा हे जंगलाचं एक संरक्षण होतं. जाड बुंधा फोडणं सोपं झालं की जाड बुंध्यावर नजर जाते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यानं १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं: इंधन वापरणारी यंत्रं सुधारली की इंधन कमी नाही, जास्त खपतं. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. शहर त्याला चहूकडून टेकलं आहे. तिथे ही शंका हसण्यावारी नेता येणार नाही.

दुसरी बाजूही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खोडांचे बुडखे यांचाही समावेश केला. बुडखा म्हणजे फोडायला सर्वांत अवघड. तंतू तिथे एकमेकांत गुंतलेले असतात. चिंचेचा बुंधा खाटकाच्या ठोकळ्याला वापरतात तो याचसाठी, की तो फुटत नाही. हक्क कागदावर मिळाला आणि अवजार नसलं, तर तो बुडखा तिथेच कुजतो. पावसाळ्यात पडलेली झाडं, अंगणातला वठलेला आंबा, रस्त्याकडेला छाटलेल्या फांद्या, हे सगळं आधीच खाली आलेलं लाकूड आहे. घरगुती यंत्राची जागा तिथे आहे.

गॅस आला की हा विषय संपेल, असं कुणी म्हणेल. मुंबईत १९५५ मध्ये सिलिंडर आले आणि २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तरी सिलिंडर संपला आणि दुसरा घ्यायला पैसे नसले की चूल पेटते. अंघोळीचं पाणी तर अनेक घरांत आजही सरपणावरच तापतं. तोवर फोडणाऱ्याचा विचार करावाच लागेल.

म्हणून घरी असं यंत्र करू पाहणाऱ्यांनी नैयायिकांचे तीन प्रश्न एका ओळीत विचारावेत: हे मधेच थांबवणं कुणाच्या हातात आहे? थांबवणं ज्याच्या हातात, तो कर्ता. जॅकच्या दांड्याशी बसलेली आजी या अर्थानं स्वतंत्र आहे. खटका नसलेल्या स्क्रूपुढे उभा असलेला धडधाकट तरुण नाही. आता प्रश्न असतील तर घेऊ.