करजगावचं सोवळं, साताऱ्याचा दरबार

रत्नागिरीतून निघताना मनात जी यादी आहे ती तशीच असू द्या. रविवारची उपासना चुकली. लेंटमधला उपास मोडला. रात्रीची प्रार्थना झोपेत राहून गेली. डोळे मिटा.

उघडाल तेव्हा पायाखाली जांभ्याची पायरी असेल. आज दापोली तालुक्यात मोडणारं करजगाव, 1861 सालचा डिसेंबर. आत नुकतंच तान्हं रडलंय. तुम्ही आनंदानं पडवीत पाय टाकता आणि आतून आवाज येतो, "शिवू नका हो!" घराला सोयर आहे. बाळंतीण वेगळ्या खोलीत. तिला शिवलं तर अंघोळ. वलणीवर उंच टाकलेलं सोवळं कुणीतरी काठीनं खाली घेतंय, हाताचा विटाळ नको म्हणून. तुम्ही पाय मागे घेता. पंचांगाच्या हिशेबात ज्याच्या येण्यानंच घर विटाळलं, तो हा मुलगा: नारायण वामन टिळक.

आता डब्यातल्या लाकडी बाकावर बसा. 1893, नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी. एकतिशीतले टिळक समोर आहेत. शेजारचा गोरा प्रवासी त्यांच्याशी कवितेबद्दल बोलतोय, बोलत बोलत ख्रिस्ताकडे वळतोय. उतरण्याआधी तो नवा करार त्यांच्या हातात ठेवतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून जातो. टिळकांना ते पटलेलं नाही, चेहऱ्यावर दिसतंय. पण पुस्तक घरी जातं, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी त्यांचं वाचन अडतं. तिथे सोवळं आत सरकलेलं आहे, मनात काय चाललंय तिथपर्यंत. हे पाळून संपणारं नाही. अकराव्या अध्यायात मग थकल्याभागल्यांना बोलावणं आहे, आणि द्यायचं कबूल केलंय ते एकच: विसावा. बोलावण्याआधी अंघोळ केली का, असं कुणी विचारत नाही.

10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. विसावा स्वस्तात मिळाला नाही. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. वडिलांच्या सोवळ्यापायी बाजारातून आलेलं मीठसुद्धा पाण्याशिवाय शुद्ध ठरत नसे, अशा घरात त्या वाढलेल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या तरी स्वयंपाक नि पाणी वेगळंच ठेवलं. क्षणभर त्या घरात डोकावा. एका छपराखाली दोन पाणी आहेत, आणि टिळक त्यांच्या घागरीला हात लावत नाहीत. ज्याला स्वतःला मोकळं केलं गेलं त्यानं दुसऱ्यावर मोकळेपणाची सक्ती केली नाही, हे मला त्यांच्या कवितांइतकंच मोठं वाटतं. लक्ष्मीबाईंनी 1900 साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

तरी माझ्या मते टिळकांची खरी कसोटी आणखी पुढे होती. एक सोवळं सुटलं की माणूस दुसरं नेसतो. मिशनमध्येही पगार होता, पद होतं, कोण आतला नि कोण बाहेरचा याची नोंदवही होती. अमेरिकन मराठी मिशनच्या आसऱ्यानं वीसेक वर्षं काढलेला, 'ज्ञानोदया'त मानानं लिहिणारा हा माणूस 1917 साली तो पगार सोडतो, संन्याशासारखा राहू लागतो आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडतो.

तिथेच चला. संध्याकाळ आहे. जमिनीवर माणसं मांडी घालून बसलीत, कुणी बाप्तिस्मा घेतलेले, कुणी न घेतलेले. कोण कुठल्या पंथाचा, हे बसण्याच्या जागेवरून ओळखता येत नाही. ख्रिस्ताचं भजन सुरू होतं, पण चाल तुमच्या कानाला अनोळखी नाही. वारकऱ्यांच्या दिंडीत ऐकलेली वाटते. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी पोचलेल्या माणसाचा हा दरबार आहे. टिळकांच्या हाती आता जेमतेम दोन वर्षं उरलीत. 9 मे 1919ला ते जातील. इथे त्याची घाई कुणाला नाही.

तुम्ही दारातच थबकला आहात. करजगावच्या पडवीची सवय. यादी अजून मनात आहे: उपासना, उपास, प्रार्थना. आतून कुणी हाक देत नाही की अडवत नाही. कडेला बसलेला एक जण न बघताच थोडा सरकतो, सतरंजीवर जागा होते, आणि टाळांची जोडी तुमच्या हातात येते. पितळ गार आहे. तुम्ही बसता.