वापर शून्य, लॉगिन बंद

ऑक्टोबर २०२०

गूगलमध्ये एक सेवा आहे, बाहेर तिचं नाव कुणी घेत नाही: यूजर आयडी सर्व्हिस. जीमेल असो, यूट्यूब असो की क्लाउडचा कन्सोल, दारात आलेला माणूस कोण हे तीच ठरवते. या महिन्यात तिची नोंद नव्या कोटा-व्यवस्थेत, म्हणजे कुठल्या सेवेला किती संसाधनं मिळतील हे ठरवणाऱ्या व्यवस्थेत, झाली. जुन्या व्यवस्थेचे काही भाग मात्र काढायचे राहिले, आणि ते सांगत राहिले की या सेवेचा वापर शून्य आहे. कुणालाही हसू यावं असा आकडा! पण तो वाचत होतं यंत्र. बंधनं लगेच लागू व्हायची नव्हती, सवलतीची मुदत होती. त्यामुळे तेव्हा काहीच बिघडलं नाही.

१४ डिसेंबर, सोमवार

मुदत संपलेली. स्वयंचलित यंत्रणेने हिशेब केला आणि वापर नाही म्हणून कोटा कापला. चुकीची कपात रोखायला तपासण्या होत्या, पण एकाच सेवेचा वापर शून्य दिसेल, ही शक्यता त्यांत धरलेली नव्हती.

संध्याकाळी ५.१३ (कॅलिफोर्नियात पहाटे ३.४३)

क्षमतेचा इशारा आला. खात्यांच्या डेटाबेसमध्ये नवं काही लिहिलं जाईना, त्यामुळे हाताशी असलेली माहिती शिळी होत गेली. शिळ्या माहितीवर कुणाला आत घ्यायचं नाही, हा या सेवेचा सुरक्षेचा नियम. नियम योग्यच होता, आणि त्यानेच दारं लावली.

५.१६

जीमेल, मीट, कॅलेंडर, डॉक्स, यूट्यूब, सगळीकडे लॉगिन अडलं. इनकॉग्निटोत यूट्यूब उघडणाऱ्यांना मात्र व्हिडिओ दिसत होते. म्हणजे सर्व्हर शाबूत होते, ओळख पटवणारंच कुणी नव्हतं.

५.१८

इंजिनिअरांना पेजरवर निरोप.

५.३८

कारण आणि उपाय सापडला. पण एव्हाना गूगलच्या आतली माणसं आणि साधनंही त्याच एररवर अडखळत होती; ग्राहकांना कळवायला त्यामुळे उशीर झाला. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावावं, तसा हा प्रकार.

५.५२

एका डेटासेंटरमध्ये कोट्याची सक्ती उठवली. फरक दिसताच ५.५७ला सगळीकडे तेच.

६.०३

एररचं प्रमाण पूर्ववत. बंद एकूण ४७ मिनिटं.

हा तपशील गूगलने स्वतःच जाहीर केला, हे बरं झालं. माझ्या मते खरा दोष मोजमाप न मिळण्याला शून्य वापर समजण्यात होता.

किल्ली कपाटात अडकण्याची वेळ तुमच्यावरही येऊ शकते. तुमच्या ऑफिसात ग्राफाना किंवा झॅबिक्ससारख्या देखरेखीच्या साधनाचं लॉगिन एलडॅपला, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक ओळख-व्यवस्थेला, जोडलेलं असेल, तर ते ठेवाच. पण एलडॅपवर अवलंबून नसलेलं एक स्थानिक अ‍ॅडमिन खातंही राखा. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात ठेवा, त्या खात्याने कुणी आत शिरलं की इशारा येईल अशी सोय करा, आणि एलडॅप मुद्दाम बंद करून ते खातं उघडतं का, हे एकदा बघाच.